नाव आधी, अर्थ नंतर: स्कॉटलंडच्या डोंगरातली गॅलिक नावं वाचायला आणि नोंदवायला शिकताना

इन्व्हर्नेसहून दक्षिणेकडे जाणारी गाडी तासाभराच्या आत एका छोट्या स्टेशनात थांबते. पाटीवरची इंग्रजी अक्षरं सरळ वाचली तर 'किंगुसी' असं काहीतरी होतं. डब्यातली माणसं मात्र 'किन्यूसी' म्हणतात. मी इथे नवीन आले तेव्हा मधला 'ग' कुठे गेला हे बरेच दिवस कळलं नव्हतं. उत्तर त्याच पाटीवर होतं, दुसऱ्या ओळीत: 'क्याउन अ यूसिख़'. क्याउन म्हणजे डोकं, टोक. ग्यूसख़ म्हणजे पाइनचं रान. 'रानाचं टोक' म्हणताना गॅलिकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या भाषेत, हा 'ग' मऊ होऊन 'य' होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी तो कागदावर ठेवला, गावाने तोंडात कधी घेतला नाही.

त्या पाटीपासून मला या नावांचा नाद लागला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथे आलेली आणि शनिवार-रविवारी डोंगरात जाणारी बरीच मराठी मंडळी आता भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. भाषा येत नसली तरी सुरुवात करता येते, आणि मराठी माणसाला काही गोष्टी इथल्या इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा सोप्या जातात.

एक लक्षात ठेवा: इथलं प्रत्येक नाव गॅलिक नाही. काही नावं त्याआधीच्या पिक्टिश लोकांची आहेत. बेटांवर आणि पश्चिम किनाऱ्यावर नॉर्स दर्यावर्दींनी ठेवलेली नावं खच्चून भरली आहेत, फक्त ती गॅलिक तोंडातून गेलेली आहेत. २०२२ च्या जनगणनेत थोडंफार तरी गॅलिक येतं असं सांगणारे सुमारे १ लाख ३० हजार लोक निघाले. त्यात शिकणारेही आले. घराजवळच्या ओढ्याचं, खडकाचं नाव आईच्या तोंडून ऐकलेली माणसं त्यांतली थोडी, आणि ती म्हातारी होत चालली आहेत.

पहिली पायरी: जमिनीचे शब्द ओळखा

आपण 'मोठा डोंगर' म्हणतो, गॅलिक माणूस 'डोंगर मोठा' म्हणतो. म्हणजे नावातला पहिला शब्द ती वस्तू काय आहे ते सांगतो आणि पुढचा शब्द ती कशी किंवा कोणाची ते. त्यामुळे पहिले वीस-पंचवीस शब्द पाठ केले की नकाशा बोलायला लागतो.

डोंगरासाठीच किती शब्द! बेन्य हा मोठा, नावाजलेला डोंगर. म्याउल हा गोलसर, ढेकळासारखा, ज्याचा फोटो कोणी काढत नाही असा. स्गूर हा धारदार कातळी सुळका. स्काय बेटावर आणि किनटेलच्या बाजूला हे फार. कार्न म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला माथा. द्रुइम ही लांबट पाठ, म्हणजे आपली सोंड किंवा धार. क्रोख्क ही लहान टेकडी. ब्यालख़ म्हणजे खिंड. कोरे म्हणजे कढई: डोंगराच्या कुशीत हिमनदीने खरवडलेला वाटीसारखा खोलगट भाग. कढई म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, तेच तिथे उभं राहिल्यावर दिसतं.

पाण्याचे शब्द: लॉख़ म्हणजे तळं (समुद्राचा आत शिरलेला फाटाही लॉख़च), आउल्त म्हणजे ओढा, एस म्हणजे धबधबा, इन्यिर म्हणजे नदीचं मुख. इन्व्हर्नेसचं 'इन्व्हर' ते हेच. गॅलिकमध्ये शहराचं नाव इन्यिर निश, निश नदीचं मुख. माणसांच्या वस्तीचे: बाले म्हणजे गाव किंवा वाडी, अख़ग़ म्हणजे शेत, कील्य म्हणजे चर्च, आणि माझा आवडता आरी. उन्हाळ्यात गुरं घेऊन बायका-पोरं वरच्या कुरणात जायची, तिथली खोपटी म्हणजे आरी. जिथे आज एकही माणूस राहत नाही अशा उंच माळावर नकाशात आरी दिसली, की तिथे गवत जरा जास्त हिरवं आणि दगडांचे बुटके गोल-चौकोन दिसतात का बघा. पुष्कळदा दिसतात.

ग्लेनको ओलांडताना रस्त्यावरून दिसणारा तो प्रसिद्ध त्रिकोणी डोंगर, बुअख़िल्ये एटिव्ह मोर, याचा अर्थ एटिव्हच्या खोऱ्याचा मोठा गुराखी. शेजारी धाकटा गुराखीही आहे. बुअख़िल्ये या शब्दात 'बो' म्हणजे गाय आहे, आणि तो 'बो' आपल्या 'गो'चा सख्खा नातलग. एख़ म्हणजे घोडा, अश्वाच्या कुळातला. री म्हणजे राजा, हाही एकाच मुळाचा. तांबूस रंगाला रुअग़, रुधिराशी नातं सांगणारा. हे ध्वनीचं साम्य जुळवून काढलेलं नाही. दोन्ही भाषा एका दूरच्या पणजीच्या आहेत. पण म्हणून प्रत्येक शब्दाला संस्कृत मूळ शोधत बसू नका, त्या वाटेने माणूस फार लवकर भरकटतो.

दुसरी पायरी: कान तयार करा

गॅलिकचं लिखाण पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो, कारण त्यात 'एच' सगळीकडे पेरलेला असतो. पण नियम पक्के आहेत. बी-एच किंवा एम-एच दिसलं की 'व्ह'. एस-एच आणि टी-एच म्हणजे 'ह'. एफ-एच म्हणजे काहीच नाही, गप्प. सी-एच म्हणजे घशात घासणारा ख़. नामाच्या आणि विशेषणाच्या सुरुवातीला हा 'एच' येतो तो लिंगामुळे किंवा विभक्तीमुळे. आपण 'मोठा सुळका' पण 'मोठी टेकडी' म्हणतो. आपला बदल शब्दाच्या शेपटाला होतो, त्यांचा तोंडाला. म्याउल पुल्लिंगी, म्हणून म्याउल मोर. बेन्य स्त्रीलिंगी, म्हणून बेन्य व्होर. इंग्रजी नकाशाने दोन्हीकडे 'मोर' करून टाकलं.

षष्ठीलाही शब्द बदलतो. हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपण 'पाणीचा' म्हणत नाही, 'पाण्याचा' म्हणतो. तसंच चक्की म्हणजे मुलिन, पण चक्कीचा ओढा 'आउल्त अ व्हुलिन्य'. एकवचन-अनेकवचनही नीट पाहा. एव्हिमोरजवळचं 'लॉख़ अन एलिन' म्हणजे बेटाचं तळं, एकाच बेटाचं. आणि तिथे खरंच एकच बेट आहे, त्यावर पडका किल्ला. 'नन' आलं की अनेकवचन: मक बेटाला लागून असलेलं 'एलन नन एख़', म्हणजे घोड्यांचं बेट.

आता गंमत. गॅलिकमध्ये प्रत्येक व्यंजनाचे दोन चेहरे असतात. शेजारी आ-ओ-ऊ असेल तर एक, ए-ई असेल तर दुसरा. 'ई'शेजारचा स हा श होतो. म्हैस-म्हशी, पैसा-पैशाचा म्हणणाऱ्या तोंडाला हे वेगळं शिकवावं लागतं का? जाड त आणि द हे दातांना जीभ लावून म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. इंग्रजी बोलणारे तिथे ट-ड करतात. आणि 'गोर्म' लिहून 'गोरोम' म्हणतात, जसं आपल्याकडे जन्माचं जनम होतं. या मध्ये घुसलेल्या स्वराला गॅलिकचे अभ्यासक शब्द वापरतात तो आपला: स्वरभक्ती.

म्हणून माझा पहिला व्यवहारी सल्ला: नाव ऐकलं की आधी देवनागरीत लिहा. स्पेलिंगच्या भानगडीत लगेच पडू नका. 'ख़'ला टिंब द्या, त-ट वेगळे ठेवा, कोणत्या अक्षरावर जोर आहे तिथे रेघ मारा. जोर बहुधा दुसऱ्या, म्हणजे वर्णन करणाऱ्या शब्दावर असतो. केर्नगॉर्मच्या उत्तरेला गिर्यारोहकांची लाडकी एक कढई आहे. लिहिताना त्यात एस-एन आहे, पण बोलताना 'कोरे अन त्रेख्क', बर्फाची कढई. 'स' गिळला गेला आणि 'न'चा 'र' झाला. नुसतं नकाशावरून उतरवून घेणाऱ्याच्या वहीत हा आवाज कधीच येणार नाही.

तिसरी पायरी: रंगांवर आपले रंग लादू नका

नावांमध्ये रंग फार. दू काळा, जेराग लाल, बुये पिवळा. इथवर ठीक. पण 'गोरोम' म्हणजे लांबच्या डोंगराचा निळा आणि दाट गवताचा हिरवाही. 'ग्लास' म्हणजे करडा, पण कोवळ्या गवताचा फिकट हिरवाही. शिवाय गुराढोरांवरून आलेले शब्द: ब्रेख्क म्हणजे ठिपक्यांचा, रिअवख़ म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, ओअर म्हणजे मातकट. आपल्या शेतकऱ्याच्या बांडा, कबरा, तांबडा अशा शब्दांची आठवण व्हावी असा हा संग्रह. कातळ, खुरटी झुडपं आणि गवत मिसळलेला उतार हा खरोखरच ठिपक्यांच्या गाईसारखा दिसतो.

केर्नगॉर्म या डोंगररांगेचं उदाहरण घ्या. हे नाव मुळात एका शिखराचं, १,२४५ मीटरच्या 'कार्न गोरोम'चं. सबंध रांगेचं गॅलिक नाव आहे 'अम मोनग़ रुअग़', तांबूस डोंगर, कारण तिथला ग्रॅनाइट गुलाबीसर आहे. स्पे नदीच्या पलीकडची रांग 'अम मोनग़ लिअ', करडे डोंगर. नदीच्या काठी उभं राहून दोन्हीकडे पाहणाऱ्याने ही जोडी रचली. इंग्रजीत एका शिखराचं नाव अख्ख्या रांगेला चिकटलं आणि जोडी मोडली.

चौथी पायरी: कागद तपासा

डोंगरात जाण्याआधी घरी बसून हे करता येतं, आणि फुकट. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आहेत. आजचा नकाशा आणि जुना शेजारीशेजारी ठेवून पाहता येतो. तीन थर जरूर बघा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टिमथी पाँट यांनी काढलेले नकाशे, ज्यांच्यावरून १६५४ मध्ये ब्लाऊचा अ‍ॅटलास छापला गेला. मग १७४७ ते १७५५ मधली रॉय यांची लष्करी पाहणी. आणि १८४३ ते १८८२ दरम्यान ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने मोजलेला, मैलाला सहा इंचाचा पहिला नकाशा. जुन्या नकाशांतलं स्पेलिंग वेडंवाकडं वाटतं, पण ते कानाने लिहिलेलं आहे म्हणून मोलाचं. पुण्याच्या खडकीचं साहेबाने 'किर्की' लिहिलं, तो प्रकार आठवा; चुकीचं असलं तरी त्याने काय ऐकलं असेल याचा माग लागतो.

सर्वांत मोठा खजिना म्हणजे सर्व्हेच्या नावांच्या वह्या. 'स्कॉटलंड्सप्लेसेस' या संकेतस्थळावर त्यांची पानं आहेत. प्रत्येक पानावर रकाने: नकाशात घेतलेलं नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगं, ती कोणी सांगितली, जागा कुठे, आणि वर्णन. 'कोणी सांगितली' हा रकाना आधी वाचा. तिथे बहुधा जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शाळामास्तर अशी मंडळी असतात. गुरं राखणाऱ्या बाईचं नाव क्वचितच. मोजणी करणारे सैनिक बहुतेक गॅलिक न जाणणारे. शिवाय मेंढ्यांच्या कुरणांसाठी लोकांना हुसकावून लावल्यानंतर पुष्कळ खोऱ्यांत सर्व्हे पोचला. सदरलंडमधलं स्ट्रॅथनेव्हर १८१४ आणि १८१९ मध्ये रिकामं केलं गेलं; मोजणी आली तेव्हा अर्धं शतक उलटलं होतं. नकाशावर एखादं खोरं नावांनी रिकामं दिसलं, तर तिथे नावं नव्हती असं समजू नका. सांगणारे गेले होते.

मान्य स्पेलिंग हवं असेल तर 'अन्यमन आच्ये न ह-आलापा' ही स्थळनावांची संस्था आहे, स्कायवरच्या गॅलिक महाविद्यालयात तिचं ठाणं. तिच्या संग्रहात नाव, उच्चार आणि बऱ्याचदा अर्थही मिळतो. शब्दासाठी ड्वेली यांचा १९११ मध्ये पुरा झालेला कोश, तोही आता संगणकावर शोधता येतो. अभ्यासाचा पाया म्हणून विल्यम वॉटसन यांचा १९२६ चा ग्रंथ आजही पुढ्यात ठेवतात. आणि ऐकायचं असेल तर 'तोबर अन दुअल्ख़श' या संग्रहात जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. निजण्याआधी दहा मिनिटं ऐका, समजलं नाही तरी चालेल.

पाचवी पायरी: माणसांकडे जा

लॉखॅल्श भागात एका आजींकडे मी नकाशा घेऊन गेले होते. टेबलावर पसरला, बोट ठेवून विचारलं, हा ओढा कोणता? त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. खिडकीजवळ गेल्या आणि घरापासून समुद्रापर्यंतच्या उतारावरची नावं एकामागून एक सांगत सुटल्या. कपडे वाळत घालायचा खडक, बोट ओढायची घळ, वासरू बुडालं ती डबकी. अकरा नावं झाली. नकाशावर त्यांतलं एकही नव्हतं. त्या दिवसापासून मी नकाशा पिशवीतच ठेवते आणि आधी विचारते, 'लहानपणी पाणी कुठून आणायचात? गुरं कुठे न्यायची?' नावं आपोआप येतात.

काही गोष्टी सांभाळा. ध्वनिमुद्रण करायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि ते कुठे ठेवणार हे सांगा. सांगणाऱ्याचं नाव छापायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. एकच नाव तीनदा म्हणायला लावा: सुटं, वाक्यात, आणि 'तिथे जाऊन आलो' अशा बोलण्यात. तुमचा उच्चार दुरुस्त करू द्या. दुरुस्त करताना माणूस सर्वांत स्पष्ट बोलतो. आणि कधीही 'याचा अर्थ अमुक ना?' असं विचारू नका. सभ्य माणूस पाहुण्याला हो म्हणतो, आणि तुमचा अंदाज त्याची परंपरा म्हणून वहीत जातो.

सहावी पायरी: जागेवर उभे राहा

नाव कागदावर जुळलं तरी पाय लागल्याशिवाय नोंद पुरी धरू नका. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या रानात जबाबदारीने फिरायचा हक्क दिला आहे. घराचं अंगण, उभी पिकं आणि हरणांच्या शिकारीचा काळ यांचं भान ठेवा. मे ते सप्टेंबर मिजेस नावाची चिलटं उच्छाद मांडतात, जाळीची टोपी न्या, नाहीतर लिहायला हात मोकळा राहत नाही.

ग्लेनमोरजवळचं 'अन लॉख़न उआन्ये', हिरवं तळं, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नावावर शंका घेतल्याची लाज वाटली. पाणी खरोखर हिरवं, काचेच्या जुन्या बाटलीसारखं. परी-लोक इथे हिरवे कपडे धुतात म्हणून, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्टही नोंदीत घ्यायची, गोष्ट म्हणून. गेरलॉखच्या डोंगरात 'लॉख़ न ह-ओइये' आहे, रात्रीचं तळं. तिथले मासे रात्रीच गळाला लागतात म्हणतात. हे नाव दुपारी नुसतं पाहून कसं उलगडणार?

सातवी पायरी: चिठ्ठी भरा

एका नावाला एक चिठ्ठी. बेन नेव्हिसच्या उत्तर कड्याखालच्या ओढ्याची माझी अशी आहे:

ऐकलेलं: आउल्त अ व्हुलिन्य (जोर 'व्हु'वर).
नकाशावर: आजच्या पत्रकावर गॅलिक रूपात, हेच नाव.
काय आहे: ओढा, कड्याखालून निघून लॉखी नदीला मिळतो.
जागा: एन-एन १६७ ७२२ (नकाशावरच्या चौकटींवरून काढलेले आकडे), गिर्यारोहकांच्या सी.आय.सी. झोपडीजवळून वाहतो.
कोणाकडून, कधी: नाव वेगळ्या वहीत, इथे फक्त खूण, वय, मूळ गाव आणि तारीख.
सोबतची माहिती: जे सांगितलं ते, त्यांच्याच शब्दांत.
माझं मत: चक्कीचा ओढा. खाली याच पाण्यावर चालणारी व्हिस्कीची भट्टी १८२५ ची आहे. तिच्यावरून नाव पडलं असं धरू नये, 'मुलिन' म्हणजे दळणाची चक्की.

जागेचे आकडे सहा असले तर शंभर मीटरपर्यंत नेमके, आठ असले तर दहा मीटरपर्यंत. खडक किंवा झरा असेल तर आठ घ्या. ओढ्याचं, उताराचं नाव असेल तर ते कुठून कुठपर्यंत लागू आहे हेही विचारा. नकाशावर अक्षरं जिथे छापली तिथेच ते नाव आहे, ही नवख्यांची नेहमीची चूक. 'माझं मत' हा रकाना शेवटी आणि वेगळ्या शाईत. मी निळी वापरते.

आठवी पायरी: अर्थाची घाई नको

सुरुवातीला माझ्या वहीत स्कायच्या पोर्टरीपुढे 'राजाचं बंदर' असं ठसक्यात लिहिलेलं होतं. १५४० मध्ये पाचवा जेम्स तिथे आला होता, गोष्ट जमून येते. पण बरेच अभ्यासक तिथल्या गॅलिक उच्चारावरून राजाऐवजी डोंगराचा उतार असा शब्द धरतात. मी ती ओळ खोडली नाही, पुढे दुसरं मत लिहिलं.

इंग्रजी रूपावरून तर अर्थ कधीच लावू नका. 'किल' दिसलं की सगळे चर्च म्हणतात, पण किलिक्रँकीमधलं 'किलि' म्हणजे कोल्ये, रान. मक बेटाचं नाव डुकरांवरून आलं हे खरं, पण समुद्रातलं डुक्कर म्हणजे देवमासा, हाही गॅलिकमधला रोजचा शब्द आहे. कोणतं डुक्कर हे नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

नववी पायरी: नोंद परत द्या

पश्चिम बेटांवर गावोगावी इतिहास मंडळं आहेत. लूइसच्या टोकाला निशचं मंडळ १९७७ पासून चालू आहे. तुमच्या भागातलं मंडळ शोधा आणि चिठ्ठ्यांची प्रत त्यांना द्या. पण त्याआधी एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून सांगणाऱ्याच्या हातात द्यायची. मी त्या आजींकडे अकरा चिठ्ठ्या घेऊन परत गेले. त्यांनी चष्मा लावला, एकेक वाचली, दोन ठिकाणी माझं स्पेलिंग पेन्सिलीने बदललं. मग खिडकीकडे बघून म्हणाल्या, झऱ्याचं राहिलं की. बारावी चिठ्ठी तिथेच, त्यांच्या टेबलावर भरली.